बोर्ड लावायचा कुठं?

धंदा सुरू करतोय, असं वरंधच्या स्टॉपवर कुणाला सांगून बघा. कसला धंदा, भांडवल किती, गिऱ्हाईक कोण, यातलं काहीएक विचारायच्या आधी समोरचा विचारतो, "गाळा कुठं घेतलास?" महाडला घेतला म्हटलं की मान डोलते. बिरवाडीला म्हटलं तरी चालतं. घरातूनच करतोय म्हटलं की चेहरा पडतो. "म्हणजे सध्या घरीच आहेस तर!"

हे एक वाक्य आपल्याकडच्या किती पोरांना महाग पडलंय, त्याचा हिशोब कुणी मांडलेला नाही. पुण्यात-मुंबईत चार वर्षं नोकरी करून गावाला परत आलेला पोरगा. हातात दोन-तीन लाख रुपये. काम चांगलं येतं, ओळखीही आहेत. तो पहिले दोन महिने काम शोधण्याऐवजी गाळा शोधतो. मग काचेचा दरवाजा, फिरती खुर्ची, फ्लेक्सचा बोर्ड, उद्‌घाटनाला पेढे. गणपतीपर्यंत सगळं भारी चालतं. शिमग्याला गाळ्याचं भाडं घरातून मागायची वेळ येते. आणि मग सगळे म्हणतात, आपल्याकडं धंदा चालतच नाही, पोरांनो मुंबई गाठा.

धंदा कदाचित चालला असता. बुडवला गाळ्याने.

जरा आकडे घालून बघू. हे आकडे समजा म्हणून धरलेत, तुमच्या गावचे तुम्ही टाका. गाळ्याचं भाडं महिना ६,००० आणि लाईट, नेट, बारीकसारीक १,५००. वर्षाचे झाले ९०,०००. डिपॉझिट ५०,००० आणि फर्निचर-बोर्ड ६०,०००. म्हणजे पहिल्या वर्षात २ लाख नुसते जागेत गेले. आता तुमच्या धंद्यात शंभराला पंधरा रुपये सुटतात असं धरा. मग नुसतं भाडं आणि लाईट भागवायला वर्षाला ६ लाखांचा धंदा हवा. महिना ५०,०००. त्याच्या पुढं जे होईल त्यातून तुमचा पगार. हे गणित गाळ्याच्या करारावर सही करण्याआधी किती जण वहीवर मांडतात?

गाळा घेऊच नका, असं मी म्हणत नाही. ऑफिस ऑफिस म्हणून आपण जे एकच मानतो, ती खरं तर तीन वेगळी कामं असतात. एक, पत्ता: जीएसटीला, बँकेला, उद्यम नोंदणीला द्यायचा, जिथं पत्र येईल तो. दोन, कामाची आणि मालाची जागा: जिथं तुम्ही बसून काम करता, जिथं पोती, डबे, हत्यारं, कॉम्प्युटर राहतात. तीन, भेटीची जागा: जिथं गिऱ्हाईक येतं, बसतं, चहा पितं आणि पैसे देतं. ही तिन्ही एकाच छपराखाली हवीत असं कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही. उलट जीएसटीच्या नोंदणीत मुख्य जागा वेगळी आणि जादा जागा वेगळ्या अशा नोंदवायची सोयच आहे. आपण मात्र तिन्हींचं भाडं एकाच गाळ्याला देतो, आणि तेही महाडच्या बाजारपेठेच्या दराने.

आता यातलं कुठलं काम तुमच्या धंद्यात खरंच लागतं ते बघा. मोबाईल दुरुस्तीवाल्याला भेटीची जागाच सगळं काही. एसटी स्टँडपासून चालत येता यायला हवं, कारण वरंध, माझेरी, शिवथरची माणसं दुपारच्या गाडीने परत जाणार. त्याने घरात दुकान मांडलं तर उपाशी राहील. त्याला गाळा हवाच, छोटा का असेना. टॅली करणारा, वेबसाइट बनवणारा, प्लॅन काढून देणारा यांचं गिऱ्हाईक फोनवर असतं. महिन्यातून एखाद्या वेळी भेटतं, तेही त्याच्याच ऑफिसात. याला भेटीच्या जागेचं भाडं कशाला? एमआयडीसीत फॅब्रिकेशनची, मेंटेनन्सची कामं घेणाऱ्याला तिसरंच गणित. कंपनीतला साहेब तुमच्या ऑफिसात कधीच येणार नाही, पण रात्री पंप बंद पडला की अर्ध्या तासात माणूस लागेल. त्याला बिरवाडीच्या आसपास हत्यारं ठेवायला शेड हवी, काचेचा दरवाजा नको. आणि आगळ, कोकम, मसाला, पापड करणाऱ्या ताईला हवी स्वच्छ, कोरडी कामाची जागा. अन्नपदार्थ असल्यामुळं एफएसएसएआयची नोंदणी लागते, आणि ती जिथं पदार्थ बनतो त्या जागेची असते. पाकिटावर महाडचा पत्ता छापून उपयोग नाही.

काम एकीकडं आणि ऑफिस दुसरीकडं, हे काही नवं खूळ नाही. १५ मार्च १९५९ ला गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. तेच पुढं लिज्जत झालं. इतकं मोठं झाल्यावरही पीठ केंद्रावर मळायचं, बायकांनी ते घरी न्यायचं, आपल्या घरात लाटून वाळवून दुसऱ्या दिवशी केंद्रावर आणून द्यायचं, ही पद्धत त्यांनी ठेवली. हजारो बायकांसाठी लाटायची जागा भाड्याने घ्यायची ठरवली असती तर पापड कुणाला परवडला असता?

पाणी

पुण्या-मुंबईच्या माणसाने लिहिलेल्या यादीत जागा निवडताना बघायच्या गोष्टी असतात पार्किंग, लिफ्ट, मेट्रो. आपल्याकडं पहिली गोष्ट पाणी. नळाचं नव्हे, नदीचं.

२२ जुलै २०२१. महाडकराला ही तारीख सांगावी लागत नाही. सावित्री आणि गांधारीचं पाणी शहरात शिरलं आणि तळमजल्याचं काही शिल्लक राहिलं नाही. दुकानातला माल, फ्रीज, कॉम्प्युटर, वह्या, सगळा चिखल. त्याच दिवशी तळियेत डोंगर खाली आला आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्याच्या आधी २००५. पुराच्या खुणा महाडच्या भिंतींवर आहेत, जुन्या माणसांच्या तर जिभेवर आहेत. तरी दरवर्षी नवीन पोरगं बाजारपेठेत तळमजल्याचा गाळा घेतं, कारण तो मेन रोडला आहे.

मेन रोडच्या तळमजल्यालाच भाडं जास्त आणि पाणीही आधी तिथंच, हे विचित्र आहे खरं. पण किराणावाल्याला, कपडेवाल्याला तळमजला सोडून चालत नाही. गिऱ्हाईक जिना चढत नाही. तुम्ही विमा विकता, अकाउंट्स करता, पासपोर्टचे फॉर्म भरता, तर पहिला मजला का नको? भाडं कमी, पाणी खाली. तुमच्याकडं येणारा माणूस कामासाठी येतो, काचेतून शर्ट बघून आत शिरत नाही. आणि तळमजला घेतलाच, तर कॉम्प्युटरचं टेबल कितीही भारी असू द्या, सीपीयू जमिनीवर ठेवू नका. माळा करून घ्या. मूळ कागदपत्रं घरी.

जागा बघायला मे महिन्यात जाऊ नका. मेमध्ये महाडमधला प्रत्येक गाळा कोरडा असतो. जुलैत, आठवडाभर धो-धो पडल्यावर जा. भिंतीला हात लावून बघा, मागच्या गटाराचं तोंड बघा. मालकाला 'पाणी येतं का' विचारून काय होणार? शेजारच्या चहावाल्याला विचारा, एकवीस साली कुठपर्यंत आलं होतं. तो भिंतीवर बोट ठेवून दाखवेल.

गावाकडं आलात की पाण्याऐवजी डोंगर बघायचा. जिल्हा प्रशासनाकडं दरडीचा धोका असलेल्या गावांची यादी असते, आणि महाड-पोलादपूरची बरीच गावं त्या यादीत आहेत. माल ठेवायची खोली वाडीत घेणार असाल तर आधी ती यादी तलाठ्याकडं किंवा तहसील कचेरीत विचारा. पावसाळ्यात माणसांनाच हलवायची वेळ येते तिथं पोती कोण हलवणार?

इमारतीच्या कागदांबद्दलही बोलायला हवं. २४ ऑगस्ट २०२० ला महाडमध्ये तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली, १६ माणसं गेली. जुनीपुराणी नव्हती, दहा वर्षंही झाली नव्हती. त्यामुळं 'नवीन बिल्डिंग आहे रे' या वाक्यावर भाडं ठरवू नका. भोगवटा प्रमाणपत्र आहे का, ते मागा. मागितलं की मालक नाराज होतो. होऊ द्या.

आणि विमा. छोट्या धंद्यांसाठी १ एप्रिल २०२१ पासून 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' नावाची ठरावीक नमुन्याची पॉलिसी सगळ्या विमा कंपन्यांनी देणं सुरू केलंय. एका जागेवरची ५ कोटींपर्यंतची मालमत्ता तिच्यात बसते. आगीबरोबर पूर आणि दरडही त्यात येते. पण पॉलिसीत जी जागा लिहिली, तिथल्याच मालाला संरक्षण. गाळ्याची पॉलिसी काढली आणि निम्मा माल मामाच्या पडवीत ठेवला, तर पडवीतल्या मालाचं कोण देणार? दोन्ही पत्ते लिहून घ्या.

रस्ता आपला नाही

हे थोडक्यात सांगतो. वरंध घाट पावसाळ्यात बंद होतो. गेल्या काही वर्षांत तर कधी अवजड वाहनांना, कधी सगळ्यांनाच. घाटात भजी खाऊन खाली उतरणाऱ्या पुणेकरांच्या भरवशावर वरंधला दुकान थाटणाऱ्याचे नेमके गर्दीचे महिने त्यामुळं हातातून जातात. कशेडीचा बोगदा सुरू झाल्यावर जुन्या घाटातून जाणाऱ्या गाड्या कमी झाल्या. हायवे रुंद करताना कुणाचं दुकान रस्त्यावर आलं आणि कुणाचं रस्त्यापासून लांब गेलं, ते पोलादपुरात कुणालाही विचारा. वाहत्या रस्त्यावरच्या गिऱ्हाइकावर धंदा उभा करायचा तर करा, पण तिथं पक्कं बांधकाम, पाच वर्षांचा करार असलं काही करू नका. कधीही उचलता येईल असं ठेवा.

घर कुणाच्या नावावर?

आता खरी गोम. घरातून धंदा करायचा ठरवलं, लोकांचे टोमणेही झेलले. जीएसटीच्या नोंदणीला बसलात की पहिल्याच पानावर अडतं: जागेचा पुरावा. घरपट्टीची पावती किंवा लाईट बिल, आणि घर दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्याचं संमतीपत्र. वडिलांच्या नावावर असेल तर प्रश्न नाही, दहा मिनिटांत लिहून देतील. पण आपल्याकडं किती घरं वडिलांच्या नावावर आहेत? ग्रामपंचायतीचा नमुना ८ काढा. वर आजोबांचं नाव, जे जाऊन वीस वर्षं झाली. त्यांचे चार मुलगे, दोन मुली. एक काका डोंबिवलीला, एक नालासोपाऱ्याला, एक आत्या सुरतेला. लाईट बिल अजून पणजोबांच्या नावाने येतं, आणि ते दर महिन्याला नेमाने भरणारा तुमचा बाप. स्वर्गातून पणजोबा संमतीपत्र कसं देणार?

मग वारस नोंद आणि सह्या. फोन केला की काका म्हणतात, "अरे कर की, आपलंच घर आहे." पण सहीचा कागद पाठवला की आवाज बदलतो. "गणपतीला येतो तेव्हा बसून बोलू." यात काकांचं चुकतं असंही नाही. संमतीपत्र म्हणजे घरावरचा हक्क सोडणं नव्हे, हे त्यांना कुणी समजावून सांगितलेलं नसतं. भावकीत आधी एकदा कुणाच्या तरी सहीवरून काहीतरी झालेलं असतं. म्हणून कागदावर साध्या मराठीत लिहा: या पत्त्यावर धंद्याची नोंदणी करायला हरकत नाही, घराच्या मालकीत यामुळं काही बदल होत नाही. आणि हे काम गणपतीत करा. सगळे सह्या करणारे एका ओटीवर सापडतात ते त्याच चार दिवसांत. पत्त्यांचा डाव बसायच्या आधी उरका, एवढंच.

माझ्या मते आपल्या भागातल्या तरुण धंदेवाल्याने गाळा शोधण्याआधी करायचं काम हेच. पुढं बँकेत जा, योजनेत जा, कंपनी काढा, सगळीकडं हा कागद लागतो. प्रायव्हेट लिमिटेड काढायची तरी कंपनीचा नोंदणीकृत पत्ता राहत्या घराचा चालतो. मालकाची संमती आणि दोन महिन्यांपेक्षा जुनं नसलेलं लाईट बिल एवढं पुरतं. फक्त बाहेर कंपनीच्या नावाची पाटी लावावी लागते.

गावाच्या पत्त्याला आपण कमी समजतो, पण सरकारी योजनांत उलटा प्रकार आहे. पीएमईजीपीमध्ये प्रकल्प ग्रामीण भागात असेल तर सर्वसाधारण गटाला २५ टक्के अनुदान, शहरात १५ टक्के. महिला, मागासवर्ग, माजी सैनिक वगैरे विशेष गटाला गावात ३५ आणि शहरात २५. म्हणजे १० लाखांचा प्रकल्प महाड नगरपालिकेच्या हद्दीऐवजी वरंध ग्रामपंचायतीत उभा केला तर १ लाख रुपये जादा. जागा विकत घ्यायचे पैसे त्या प्रकल्पात धरता येत नाहीत. शेडचं भाडं धरता येतं, तेही जास्तीत जास्त तीन वर्षांचं. अर्ज भरण्याच्या दिवशी नियम पुन्हा तपासा, हे नियम बदलत असतात. पण नुसतं 'महाडचा पत्ता बरा दिसतो' म्हणून लाख रुपयांवर पाणी सोडणारे लोक आहेत.

लाईटचं काय? घरात धंदा केला की कमर्शियल मीटर घ्यावा लागतो, नाहीतर दंड, अशी सगळ्यांना भीती. ती अर्धी खरी आहे. महावितरणच्या दरपत्रकात छोट्यांसाठी एक सोय आहे: राहत्या घराच्या एका भागात धंदा चालत असेल, महिन्याचा वापर ३०० युनिटपर्यंत आणि मागच्या आर्थिक वर्षाचा ३,६०० युनिटपर्यंत असेल, तर घरगुती दरच लागतो. एक लॅपटॉप, एक प्रिंटर, दोन पंखे, एवढ्याला ते भरपूर झालं. मोठा डीप फ्रीजर, चक्की, वेल्डिंग आलं की वेगळं मीटर घ्या. वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते, ती एकदा आली की सहा महिन्यांचा नफा घेऊन जाते.

गाळा भाड्याने घेतलाच तर करार. 'अकरा महिन्यांचा आहे, नोंदवायची गरज नाही' हे वाक्य महाडच्या बाजारपेठेत तुम्हाला शंभर वेळा ऐकू येईल. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदवलेला लागतो, मग तो अकरा महिन्यांचा असो नाहीतर तीन वर्षांचा. नोंदवायची जबाबदारी मालकाची. शंभराच्या स्टँपवर सही करून डिपॉझिट रोख देणाऱ्याने ते परत कसं मिळणार याचाही विचार करावा. करारात दोन ओळी आपल्याकडच्या घाला: पुरात गाळा वापरता आला नाही तर त्या दिवसांचं भाडं नाही, आणि पुरानंतरची दुरुस्ती कुणी करायची.

राहिलं ते पुण्याच्या 'व्हर्च्युअल ऑफिस'चं. महिन्याला काही रुपये भरा, बाणेर नाहीतर बंड गार्डनचा पत्ता वापरा. दुसऱ्या राज्यात माल ठेवणाऱ्यांना त्याचा उपयोग होत असेल. वरंधच्या पोराला त्यातून फक्त व्हिजिटिंग कार्ड मिळतं. जीएसटीवाले पत्त्यावर जाऊन तपासणी करू शकतात, आणि नोटीस तिकडं गेली तर तुम्हाला कळवणार कोण?

'घरीच आहेस ना?'

इथपर्यंत मी घराच्या बाजूने बोललो. पण घर सगळ्यांना सारखं पावत नाही, आणि हे पोरींकडून ऐकावं. घरातून काम करणारा मुलगा माजघराचं दार लावून बसला तर आई बाहेरून सांगते, "दादाचं काम चालू आहे, आवाज करू नका." मुलगी बसली की तीच आई म्हणते, "घरीच आहेस ना, जरा दूध बघ." पाहुणे आले, चहा कर. मिटिंग चालू आहे म्हटलं तर, "मोबाईलवर बोलतेयस नुसती." सासर असेल तर त्याहून कठीण. ब्लाऊज शिवणारी, ऑनलाइन शिकवणी घेणारी, डिझाइन करणारी कितीतरी मुली रात्री सगळे झोपल्यावर काम करतात आणि सकाळी सहाला उठतात.

अशा मुलीला मी घरातून कर, पैसे वाचतील, असं सांगणार नाही. तिच्यासाठी महिना हजार-दीड हजाराची बाहेरची खोली हा खर्च वसूल होणारा आहे, कारण तिथं ती सलग चार तास काम करते. खोली बाजारात नको, मेन रोडला नको. गावातच, पण घराबाहेर. आपल्याकडं चाकरमान्यांची बंद घरं गावोगावी आहेत. गणपती आणि शिमगा सोडला तर कुलूप. त्यातल्या एखाद्याची पडवी वर्षाच्या बोलीवर मिळाली तर घरही नांदतं राहतं. त्यांना सणाला घर हवं असणार, तेवढे दिवस तुमचा माल एका खोलीत बंद. पहिल्या दिवशीच बोलून, कागदावर लिहून घ्या.

पोरांच्या बाबतीत मात्र एक गोष्ट मान्य करायला हवी. बोर्ड लागल्याशिवाय लग्नाच्या बाजारात पोरगा 'सेटल' धरला जात नाही. हे खोटं आहे म्हणून उडवून लावता येत नाही, कारण त्या पोराला त्याच बाजारात उभं राहायचंय. मग करायचं काय? दोन लाख घालून एकट्याने गाळा घ्यायचा, की दुसरी काही सोय आहे?

गावाची खोली

सोय आहे, आणि आपल्याच आजोबांनी ती करून दाखवलीय. गिरगावात, लालबागमध्ये, माझगावच्या चाळींत गावाची खोली असायची. एकाला खोली परवडत नव्हती म्हणून सगळ्या गावाने मिळून घेतलेली. माणशी एक ट्रंक, एक वळकटी, भिंतीला खुंटी. दिवसपाळीवाला बाहेर पडला की रातपाळीवाला झोपायला येणार. महिन्याची वर्गणी, खर्चाची वही, आणि नवा पोरगा गावावरून आला की त्याला जागा. आज पुण्यात जे को-वर्किंग म्हणून काचेच्या इमारतीत विकलं जातं, ते याहून वेगळं काय आहे? तिथं कॉफी मिळते, एवढंच.

बिरवाडीत, पोलादपुरात अशी एक खोली का असू नये? पहिल्या मजल्यावर, दोन टेबलं, एक कपाट, एक चांगला प्रिंटर, इन्व्हर्टर. अकाउंट्सवाला सोमवारी आणि गुरुवारी बसेल, विमावाला मंगळवारी. घराचे प्लॅन काढणारी मुलगी बुधवारी आणि शनिवारी, एमआयडीसीच्या कामांचा कॉन्ट्रॅक्टर संध्याकाळी सहानंतर. बाहेर चार पाट्या. प्रत्येकाचा कायद्याचा पत्ता आपापल्या घरचा, माल आपापल्या पडवीत, आणि भेटायला ही खोली. सहा हजारांचं भाडं माणशी दीड हजारावर येतं. शिवाय अकाउंट्सवाल्याकडं आलेलं गिऱ्हाईक भिंतीवर प्लॅनवालीची पाटी वाचून जातं, तो फायदा वेगळाच.

चार पोरं एकत्र आली की भांडणं होणार, हे मला कुणी सांगायला नको. आजोबांच्या खोलीतही व्हायची. पण ती खोली पन्नास-पन्नास वर्षं चालली, कारण वही होती. तेव्हा सुरुवातीलाच चौघांनी बसून लिहायचं. भाड्याचा करार कुणाच्या नावावर, डिपॉझिटमध्ये कुणाचे किती, लाईट बिल समान वाटायचं की प्रिंटर जास्त वापरणाऱ्याने जास्त द्यायचं, कुणी मध्येच सोडून मुंबईला गेला तर त्याचे पैसे किती दिवसांत परत. शनिवारी संध्याकाळी झाडू कुणी मारायचा तेही लिहा, कारण पहिलं भांडण त्यावरूनच होणार. चाव्या चार करा आणि पाचवी खालच्या चहावाल्याकडं ठेवा. जुलैत रात्री पाणी चढायला लागलं तर तुम्ही वरंधला असाल, तो तिथं असेल.